बावीस गाणी आणि जगाचा जावई

माझ्या नावावर एकही कविता नाही. शाळेत निबंधसुद्धा मी शेजारच्याच्या वहीत पाहून लिहायचो. त्याच्या गायीचं एक शिंग मोडलं की माझीही गाय त्याच तासाला शिंगमोडी व्हायची. असं असूनही बाभुळगावजवळच्या आमच्या गावात गाण्यांचं एक छापील पुस्तक आहे, आणि त्यातल्या तेवीसपैकी बावीस गाण्यांखाली मी आहे. बरं, तिथे माझं खरं नाव असतं तर मी निदान चोर ठरलो असतो. चोराला थोडी तरी इज्जत असते. तिथे जे नाव आहे ते वाचल्यावर लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा हसतात.

गाणी माझ्या वहिनीची. वहिनी म्हणजे दादाची बायको, मुकुटबनची लेक. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पण गाणं सुटलं नाही. भाकरी थापता थापता तिला ओळ सुचते, मग एक हात पिठाचा आणि दुसऱ्या हातात फोन. दरवर्षी जयंतीला विहारापुढच्या मांडवात महिला मंडळ जी गाणी म्हणतं, ती तिची. मंडळात पाच बायका आणि पेटी वाजवायला एक गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेत. चुका काढण्यातून नाही.

आणि मी? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम गावातल्या घरी, पुढच्या खोलीत बसून करतो. हे गावाला नीट समजावणं अजून कोणाला जमलेलं नाही. दादा सांगतो, "पुन्याच्या कंपनीत हाय, पन घरीच ऱ्हायते." ऐकणारा हळहळतो, "अरे अरे. कधी काढलं?" माझं वय छत्तीस आणि लग्न झालेलं नाही, त्याचं अर्धं कारण या दोन वाक्यांत आहे.

तर मागच्या वर्षी मंडळात भांडण झालं. एकीच्या वहीत "उजेड" होता, दुसरीच्या वहीत "प्रकाश". ऐन गाताना तिघी उजेडात गेल्या, दोघी प्रकाशात, आणि गुरुजी पेटीवर अंधारात राहिले. वहिनीच्या फोनमध्ये त्याच गाण्याच्या सहा फायली सापडल्या: "गाणं नवीन", "गाणं फायनल", "गाणं खरं फायनल", "हेच म्हणायचं", "हे नाही ते", आणि एकीचं नाव नुसतंच "बापा".

मी म्हणालो, "वहिनी, यावर माझ्या धंद्यात इलाज आहे. गिट म्हणतात त्याले. तुम्ही गाणं लिहायचं, बदललं की ठेवायचं. काय बदललं, कधी बदललं, काहून बदललं, सारं त्याच्या ध्यानात राहते. जुनं पाहिजे असलं तर जुनंही काढून देते."

"काहून बदललं तेही?"

"ते तुम्ही लिहायचं, एका ओळीत."

"अन् नाई लिहलं तं?"

"तर ते ठेवतच नाही."

वहिनी म्हणाली, "मास्तरीनच हाय म्हनाची."

माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला. त्यात गाण्यांचं एक फोल्डर केलं आणि सवयीनं स्वतःच एक चाचणीची फाइल ठेवून पाहिली. नव्यानं वापरताना हे यंत्र एक प्रश्न विचारतं: आधी सांगा, तुम्ही कोण? आमच्या गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला पारावरून हाच प्रश्न येतो, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण त्याच सकाळी राळेगावकडचं एक स्थळ मोडल्याचा निरोप आला होता. मुलीच्या मामांनी सांगितलं म्हणे, "पोरगा दिवसभर काळ्या पडद्याकडं पाहत बसते, तब्येतीचं काही असन." मी जरा तिरसटलेलो होतो. तुम्ही कोण, या प्रश्नाला मी फक्त त्या फोल्डरपुरतं उत्तर टाइप केलं: जगाचा जावई.

हसलो. चाचणी केली. चालली. आणि विसरलो.

इथपर्यंतच्या गोष्टीत कोणाचंही वाईट झालेलं नाही, हे नोंदवून ठेवा. पुढे मला तेवढाच आधार आहे.

वहिनीला इंग्रजी आज्ञा पाठ करायला लावणं मला पटेना. या यंत्राचा एक गुण असा, की त्याच्या सेटिंगच्या फायलीत आपण आपले शब्द शिकवू शकतो. अक्षरं इंग्रजी लागतात, पण शब्द आपल्या घरचा चालतो. मी तीन शब्द शिकवले. "पाह्य" म्हटलं की काय बदललंय ते दाखवायचं. "ठेव" म्हटलं की ठेवायचं. "मागचं" म्हटलं की आधीच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक. त्या "मागचं"मध्ये मूळच्या रीतीनं प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नावही येतं. मी ते काढून टाकलं. म्हटलं, लिहिणारी एकटीच तर आहे, उगाच नावाची गर्दी कशाला? पडदा कसा सुटसुटीत दिसला पाहिजे!

हा सुटसुटीतपणा पुढे मला महागात पडला. पण त्या दिवशी मी स्वतःच्या कलाकुसरीवर इतका खूश होतो की दोनदा चहा मागितला.

पहिल्याच दुपारी वहिनी अडकली. नोंद लिहायची जी खिडकी उघडते, ती कुठली असावी हे सेटिंगमध्ये सांगायचं मी विसरलो होतो. म्हणून यंत्रानं त्याची जुनीपुराणी खिडकी उघडली, जिच्यातून बाहेर कसं पडायचं हे शिकायला मला स्वतःला नोकरीतले पहिले तीन दिवस लागले होते. वहिनीनं कोणालाच हाक मारली नाही. संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, "भाऊजी, ते अडकलं हाय. म्या झाकून गव्हाच्या कोठीवर ठेवलं. उद्यापरेंत सुटन म्हनते."

दुसऱ्या दिवशी मी साधी खिडकी लावून दिली, आणि मग वहिनी सुटली ती सुटलीच. काळ्या पडद्याची भीती तिला कधी वाटलीच नाही. उलट तिला त्याचा स्वभाव आवडला. "आपल्या सासूबाईसारखं हाय," ती म्हणायची. "चांगलं केलं तं एक सबद बोलत नाई. चुकलं तं सोडत नाई."

आणि तिच्या त्या एका ओळीतल्या नोंदी! आमच्या कंपनीत लोक लिहितात: "किरकोळ दुरुस्ती." वहिनी लिहायची:

"दुसऱ्या कडव्यातला 'आणि' काढला. लंगडत होता."

"गुरुजीचं ऐकलं."

"गुरुजीचं ऐकून पस्तावली. पुन्हा जुनं."

"कुकरची शिट्टी झाली म्हून अर्धंच ठेवलं."

मी कामाचा कंटाळा आला की "मागचं" म्हणायचो आणि वाचत बसायचो.

आता वहिनीच्या बाबांचं सांगायला पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय या गोष्टीत धोका काहीच नव्हता. म्हातारे तरुणपणी झरी-मुकुटबनकडच्या एका गायन पार्टीत खंजिरी वाजवायचे. गाण्याचा कान असा, की भांडं पडलं तरी कोणत्या सुरात पडलं ते सांगतील. लेक गाणी लिहिते यावर त्यांचा विश्वास नव्हता. रागानं नव्हे, लाडानंच, पण नव्हता. मागच्या उन्हाळ्यात आले तेव्हा गाणं ऐकून डोळे पुसले आणि मग विचारलं, "चांगलं हाय वं बाई. कोनाच्या वहीतून उतरवलं?"

"माहं हाय बाबा."

"तुहं? मंग छाप कुठं हाय?"

छाप म्हणजे शेवटच्या कडव्यात कवीनं गुंफलेलं स्वतःचं नाव. आमच्याकडच्या गाण्यांची ही जुनी रीत. अमका म्हणे असं अन् तमका सांगे तसं. बाबांचं मत ठाम होतं: "ज्या गान्याले छाप नाई ते गानं बेवारस. कोनीबी उचलून न्यावं."

वहिनी लाजली. "बाईनं भर मांडवात आपलंच नाव घ्यावं, कसं दिसते ते? नवऱ्याचं नाव घे म्हना, धा उखाने घेते. आपलं कोनी घेते का?" मग तिनंच तोड काढली. "औंदा मंडळ पुस्तक छापून राह्यलं, बाबा. गान्याखाली नाव येते त्यात. तेच माही छाप."

"छापून येऊ दे," बाबा म्हणाले. "मंग मी सोता येतो. जीपभर मानसं घेऊन येतो."

म्हणून ती माझ्याकडे आली. "भाऊजी, त्या यंत्रात माहं नाव हाय ना?"

"नसलं तर आता घालतो," मी म्हणालो आणि तिच्यासमोर आज्ञा टाइप केली. तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, देवनागरीत. मग यंत्राला विचारून दाखवलं: सांग, नाव काय? पडद्यावर वहिनीचं नाव आलं. पांढरं, ठसठशीत. तिनं बोटं पदराला पुसली आणि त्या पडद्याचा फोटो काढून मुकुटबनला पाठवला. तिकडून बाबांचा आवाजी निरोप आला: "यंत्राचं ऱ्हाऊ दे. कागदावर दाव."

यातली माझी करामत ज्यांना कळली नसेल त्यांच्यासाठी लग्नाच्या पंगतीचं उदाहरण देतो. आचाऱ्यानं सांगितलेलं असतं, एकाला एक जिलेबी. वरबापानं सांगितलेलं असतं, दोन वाढा. पण तुमच्या पानात किती पडतील हे ठरवतो वाढपी, जो झारा घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. यंत्राच्या सेटिंगचंही असंच. एक फाइल साऱ्या मशीनची, एक वापरणाऱ्याची, आणि एक त्या त्या फोल्डरची. तिघींत मतभेद झाले तर फोल्डरचीच चालते, कारण ती सगळ्यात जवळ उभी आहे. मी वहिनीचं नाव घातलं ते वरबापाकडे. विचारून दाखवलं तेही वरबापालाच. आणि फोल्डरच्या दारात, झारा घेऊन, पहिल्या दिवसापासून कोण उभं होतं? जगाचा जावई.

याहून लाजेची गोष्ट म्हणजे त्याच आठवड्यात मी कंपनीतल्या एका नव्या मुलीला नेमकी हीच चूक केल्याबद्दल लांबलचक पत्र लिहिलं होतं. शेवटी असंही लिहिलं होतं की, "मूलभूत गोष्टी पक्क्या असाव्यात."

पुस्तकाची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, प्रत्येक गाण्याखाली नाव मी हातानं लिहितो. मी हसलो. हातानं? या जमान्यात? मी दुपारभर बसून छोटा प्रोग्राम लिहिला: गाण्याची फाइल पहिल्यांदा ज्यानं ठेवली त्याचं नाव यंत्राच्या नोंदीतून उचलायचं आणि गाण्याखाली आपोआप टाकायचं. "गुरुजी, मानूस चुकू शकते," मी म्हणालो. "हे नाही चुकू शकत." तेविसावं गाणं स्वतः गुरुजींचं होतं. त्यांनी ते कागदावर दिलं, मी टाइप केलं आणि लेखक म्हणून मुद्दाम त्यांचं नाव वेगळं सांगितलं. एवढी काळजी मी घेतली. म्हणजे एक गाणं तरी बरोबर आलंच पाहिजे होतं, आणि ते आलं.

छापण्याआधी गुरुजींनी लाल पेन घेऊन सगळी पानं तपासली. स्वल्पविराम शोधून शोधून मारले. नावांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी स्वतः तपासलं का? कशाला? माझा प्रोग्राम होता.

जयंतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता दादा यवतमाळच्या छापखान्यातून मोटरसायकलवर गठ्ठा घेऊन आला. मांडव सजला होता, निळ्या पताका फडफडत होत्या, पाच वाजता प्रकाशन. मी गठ्ठ्याची सुतळी कापली आणि पहिली प्रत नाकाला लावली. नव्या शाईचा वास मला फार आवडतो. वास घेता घेता पान उघडलं.

पुढचं पान. त्याच्या पुढचं.

"दादा, हे पाह्य."

दादानं पाहिलं. "जगाचा जावई? कोन बे हा?"

"मी."

"तू?" दादानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुले तं गावातबी कोनी पोरगी नाई दिली."

मांडवामागे खुर्च्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून मी यंत्राला विचारलं: हे नाव कोणतं, आणि कुठल्या फायलीतून आणलं? हा प्रश्न विचारायची सोय त्यात पहिल्यापासून आहे; मी तो वर्षभर विचारला नव्हता. त्यानं एका ओळीत उत्तर दिलं, फायलीच्या पत्त्यासकट. सासूबाईंचा स्वभाव. मी घाईघाईत झारेवाल्याला हाकललं. पण नवं सेटिंग पुढच्या नोंदींना लागू होतं. मागच्यांवर जे गोंदलं गेलं ते गेलं. त्यालाही तोड आहे. "हे नाव दिसलं तर हे माणूस समजा," अशी एका ओळीची वेगळी फाइल फोल्डरात ठेवता येते. ठेवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर बावीसच्या बावीस गाण्यांवर वहिनीचं नाव झळकलं. मी आनंदानं ओरडलो, "झालं!"

दादा गठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "यात नाई झालं."

मग त्यानं खिशातून दोन पेनं काढली, एक मला दिलं, आणि आम्ही दोघे सख्खे भाऊ खुर्च्यांमागे उकिडवे बसून नावं खोडायला लागलो. प्रत्येक प्रतीत बावीस जावई. नऊ प्रती झाल्या तेव्हा गुरुजी आले.

"काय करून राह्यले रे?"

सांगितलं. गुरुजी मटकन खुर्चीवर बसले. "म्या समजलो, तखल्लुस हाय तिचं! मनात म्हनलं, बाई असून काय झोकदार टोपननाव घेतलं!"

वहिनीला मीच सांगितलं. नवी निळी साडी, केसांत अबोली, हातात गाण्याची वही. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"एकाबी खाली नाई?"

"नाही वहिनी."

"पन तुमी तं मले दावलं होतं. म्या फोटो काढला."

"ते दुसऱ्या फायलीतलं होतं. चालते ती जवळची फाइल."

"मंग दावताना जवळची काहून नाई दावली?"

माझं काम तपासायला कंपनीत तीन माणसं पगारावर आहेत. इतका नेमका प्रश्न त्यांनी मला आजवर विचारलेला नाही. वहिनीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. मंचामागच्या पडद्याच्या फटीतून मांडवाकडे बघत एवढंच म्हणाली, "बाबा पयल्या रांगेत बसले हायत, भाऊजी. जीपभर मानसं घेऊन."

गठ्ठा तोवर मंचावर गेला होता. आमच्या नऊ खोडलेल्या प्रती तेवढ्या मागे राहिल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी फीत सोडली, पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि माइकवर खणखणीत आवाजात म्हणाले, "या संग्रहातली तब्बल बावीस गाणी एकट्याच्या प्रतिभेतून उतरली आहेत. मी विनंती करतो, कवी जगाचा जावई यांनी मंचावर यावं."

बायकांच्या बाजूनं खुसखुस सुरू झाली. पाहुण्यांनी पुन्हा पुकारलं, या वेळी "कविवर्य" लावून. पहिल्या रांगेत बाबांनी प्रत डोळ्यांपासून हातभर लांब धरली होती आणि बोट फिरवत एकेक पान उलटत होते. कमी ऐकू येणारी माणसं जशी बोलतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "नाव कुठं हाय वं बाई तुहं?"

मी स्पीकरच्या खोक्यामागे होतो. दादानं मला पाठीमागून ढकललं. भाऊ असावा तर असा.

माइक हातात आल्यावर मला शहाणपणा सुचायला हवा होता. मी सेटिंग समजावून सांगायला लागलो. साऱ्या मशीनची फाइल, वापरणाऱ्याची फाइल, फोल्डरची फाइल. पंगतसुद्धा सांगितली. आचारी, वरबाप, वाढपी, जिलेब्या. लोक माना डोलावत होते. मला वाटलं, पोचतंय. मी संपवलं तेव्हा पाहुणे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "म्हणजे आज जेवणात जिलेबी आहे का?"

"द्या इकडं," मागून आवाज आला. वहिनी. तिनं माझ्या हातातून माइक घेतला, पदर खोचला आणि गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, काळी चारचा सूर द्या." गुरुजींनी वही मागितली. ती म्हणाली, "वहीत नाई हे." आणि उभ्या उभ्या, कपाळावरचा घाम न पुसता, गायला लागली:

*बावीस लेकरं माह्या पोटची, बारसं केलं देरानं,*
*कोन तू, पुसलं यंत्रानं तं थट्टा केली पोरानं!*

पोर म्हणजे मी, छत्तीस वर्षांचा. मांडव फुटला. मंडळातल्या चौघींनी दुसरी ओळ उचलून धरली, एकीनं टाळ्यांचा ठेका दिला. वहिनी माझ्याकडे बोट करून ती ओळ तीनदा गायली, कारण तिसऱ्यांदा पुढचं सुचत होतं. मला ते तिच्या डोळ्यांत दिसलं. भाकरी थापताना ओळ सुचली की ती अशीच एक क्षण थांबते. मग ती माझ्याकडून वळली, पहिल्या रांगेकडे.

*कागद चुकला, शाई चुकली, गळा कसा चुकन?*
*——— म्हणे, बाबा, आता छाप कोन पुसन?*

त्या रिकाम्या जागी तिचं नाव होतं. स्वतःचं, पहिलं, माहेरचं. भर मांडवात, माइकवर, सुरात. नाव घेताना तिचा आवाज एकदा कापला आणि पुढच्याच मात्रेला सावरला.

बाबा उभे राहिले. हातातल्या पुस्तकावर त्यांची बोटं खंजिरीसारखी चालत होती, त्यांनाही ते कळत नसावं. ते मुकुटबनच्या माणसांकडे वळून ओरडले, "आरे, हे तं आत्ता जुळवलं तिनं! इथंच! हे कोनाच्या वहीत नसन!" आणि मग मंचाकडे, लेकीला: "पुन्हा एकडाव म्हन, माय. छापीपासून."

ती पुन्हा म्हणाली. आणखी चारदा म्हणाली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग तेही टाळ्या वाजवायला लागले. पुस्तकातल्या बावीस गाण्यांपैकी त्या दिवशी जेमतेम सहा झाली. तेविसाव्या, गुरुजींच्या गाण्याला वेळच उरला नाही. या एका गोष्टीबद्दल गुरुजींनी मला अजून क्षमा केलेली नाही.

गाणी संपल्यावर बाबा मंचावर चढले. प्रत लेकीच्या मांडीवर ठेवली, माझ्या खिशातलं पेन न विचारता काढलं, आणि म्हणाले, "खोड. अन् तुह्या हातानं लिही." बावीस वेळा जावई खोडला गेला आणि बावीस वेळा तिचं नाव लिहिलं गेलं, पानोपान. बाबा शेजारी बसून प्रत्येक पानावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होते. ते पाहून गावानं रांग लावली. ज्याची त्याची प्रत, ज्याचा त्याचा जावई. आता आमच्या गावात बिनखोडलेली एकच प्रत उरली आहे. ती दादानं लपवून ठेवली आहे आणि म्हणतो, माझ्या लग्नात आहेर म्हणून देणार.

वहिनी हल्ली लिहायला बसली की आधी यंत्राला विचारते: मी कोन? फोल्डरात उभं राहूनच विचारते, वरबापाला नाही. "मागचं"मध्ये नावाचा रकाना तिनं माझ्याकडून परत घालून घेतला. मांडवातलं ते कडवंही तिनं दुसऱ्या दिवशी ठेवलं. त्याच्यापुढची नोंद: "चूक भाऊजीची. चाल माही."

आणि प्रत्येक नव्या गाण्याच्या शेवटी आता छाप असते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "वहिनी, यात तरी तुमचं नाव नीट घालू का? या वेळी मी स्वतः तपासतो."

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी नका घालू, भाऊजी. ऱ्हाऊ द्या रेघच. ज्याले पाह्यजे तो जयंतीले येईन. माहं नाव मी घेते."